सुचेताच्या वतीने

एडिनबरा
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ऋजुता,

फोन न करता कागदावर लिहितेय, कारण इथे आमच्या दोघांत फोन एकच. मी बोलायला लागले की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात, आणि आज जे लिहायचंय ते यांच्या कानावर जायला नको. वाचून झालं की फाडून टाक.

तुझं ख्रिसमसचं कार्ड मिळालं. वर एकट्या माझंच नाव होतं, ते यांनीही पाहिलं. उचलून खिडकीत उभं करून ठेवलं. चार वर्षं झाली, तू यांच्याशी बोलत नाहीस आणि माझ्याशी बोलतेस. मी मध्ये पडायला हवं होतं, पण बापलेकीच्या भांडणात तिसऱ्याने तोंड घालू नये म्हणतात, म्हणून गप्प राहिले.

आमचं बरं चाललंय. ऑक्टोबरपासून इथे आहोत, एकूण अठरा महिने. तू म्हणाली होतीस, या वयात लोक क्रूझवर जातात आणि तुम्ही मॉर्मन चर्चच्या मिशनवर. जातात खरे. आम्ही सकाळी साडेसहाला उठतो. दोघांनी गुडघे टेकून प्रार्थना, माझे गुडघे म्हणजे देवच जाणे. मग अर्धा तास मोठ्याने वाचन. हे वाचतात आणि मी मनात कुकरच्या शिट्ट्या मोजते. दहाला छातीवर नावाची काळी पाटी लावून बाहेर पडायचं. एल्डर सबनीस, सिस्टर सबनीस. मंगळवारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जातो. त्या बायका दारातच चहा टाकू का विचारतात, आणि आमच्या धर्मात चहा वर्ज्य. मी 'पाणी चालेल' म्हटलं की मला काहीतरी दुखणं आहे असं समजून त्या खुर्ची पुढे करतात. बुधवारी तरुण मिशनऱ्यांचे फ्लॅट तपासायचे. हे स्मोक अलार्मची बटणं दाबत फिरतात, मी फ्रीज उघडून नाक धरते. गुरुवारी चर्चमध्ये टेबल मांडून लोकांना त्यांचे पणजोबा शोधून द्यायचे.

आणि शुक्रवारी बैठक. ती आमच्या दोघांचीच. इथला रिवाज आहे, मिशनवरच्या जोडीदारांनी आठवड्यातून एकदा समोरासमोर बसायचं, एकमेकांचं एक चांगलं सांगायचं, मग काय खुपलं ते सांगायचं. तरुण पोरं भांडू नयेत म्हणून केलेली सोय ती. चौतीस वर्षांच्या संसाराला कशाला हवी? पण तुझ्या बाबांची हयात हीथ्रोला विमानांचे बोल्ट तपासण्यात गेली, नियम म्हटला की यांचा जीव की प्राण. मी दर शुक्रवारी ओला टॉवेल, उघडं राहिलेलं कपाट, सगळं सांगते. हे म्हणतात, 'मला तुझं काही खुपत नाही.' असा राग येतो म्हणून सांगू.

खरं सांगायचं तर मला आवडतं इथे. दिवसभर हे माझ्या नजरेसमोर असतात. आणि हे गाव माझं होतं. हाउन्सलोचं घर तुझ्या आईचं, सुचेताचं, तिने निवडलेल्या टाइल्स, तिने लावलेलं मागचं प्लमचं झाड. तिथे मी चौतीस वर्षं पाहुणी असल्यासारखी कप विसळले. इथे तिचा पाय लागलेला नाही, असं समजत होते. तर जानेवारीत प्रिन्सेस स्ट्रीटवरून चाललो होतो, आणि हे एकदम थांबले. म्हणाले, 'चौऱ्याऐंशी साली सुचेताला इथे आणलं होतं. इतकी कुडकुडली की आधी हातमोजे घ्यावे लागले.' आणि हसले. ऋजुता, ती जाऊन छत्तीस वर्षं झाली आणि अजून हा माणूस तिच्या हातमोज्यांवर हसतो. मी घरी येईपर्यंत दोन पावलं मागे राहून चालले. यांच्या लक्षातही आलं नाही.

आता मुद्द्याचं. आमच्यात सीलिंग म्हणून विधी असतो. टेंपलमध्ये नवराबायकोला बांधून देतात, मरणानंतरही एकत्र राहण्यासाठी. आमचं दोघांचं एकोणीस वर्षांपूर्वी झालं. तेव्हा मी यांच्याकडून वचन घेतलं होतं, सुचेताचं नाव तिथे काढायचं नाही. यांनी पाळलं. पण दर गुरुवारी लोकांच्या वंशावळीचे तक्ते भरतात ना, तर परवा स्वतःचा तक्ता उघडून बसले. तिच्या विधीची चौकट रिकामी. म्हणाले, 'सुलक्षणा, तिचंही करू या का?' गेलेल्या माणसाचं करता येतं. तिच्या जागी दुसरी बाई बसते, तिच्या वतीने. आणि तिला ते नको असेल तर ती तिकडे नाही म्हणू शकते म्हणे. म्हणजे बघ, मेलेलीला नकाराचा हक्क आहे आणि जिवंत मी मात्र मान डोलवायची.

नियमाने यांना कुणाची परवानगी लागत नाही. पण हे म्हणाले, 'ऋजुताची आई आहे ती. ऋजुता हो म्हणाली तरच करीन. माझं पत्र ती उघडणार नाही, तू विचार.' तर विचारतेय.

आता माझं मत ऐक. सुचेता हिंदू म्हणून गेली, तुझ्या आजीने पुण्यात तिचं सगळं रीतसर केलं. तिला आता नव्या धर्मात ओढणं बरं दिसतं का? तू नाही म्हण. एक ओळ पुरे. मी यांना दाखवीन आणि विषय संपेल. माझ्यासाठी नाही हो सांगत, सुचेतासाठी सांगतेय.

तुझ्या दियाला गोड पापा.

तुझी
सुलक्षणामावशी


एडिनबरा
सोमवार, २४ फेब्रुवारी

ऋजुता,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. हे वर बूट घालत होते, मी आधी खाली जाऊन पोस्ट उचललं. जिन्यात वाचलं. मराठीत लिहिलंस, बरं वाटलं. पण मी एवढं धडधडीत सांगूनसुद्धा तू हो लिहिलंस!

'आई छत्तीस वर्ष एकटी आहे. कोणीतरी तिचा आठवण काढतो तर काढू दे. बाबाला सांग, हो.' असं तू लिहिलंस. एकटी? आणि मी कोण होते गं इतकी वर्षं? तिच्या घरात, तिच्या नवऱ्याबरोबर, तिच्या मुलीच्या वेण्या घालत मी होते ना. तिला एकटं राहायला मी कधी दिलं? दर खोलीत होती ती.

रागावू नकोस. मी रागावले आहे म्हणून लिहितेय.

माझं लग्न ठरलं तेव्हा साताऱ्याला आई म्हणाली होती, दुसरेपणावर जातेस, सवतीचा टाक करून गळ्यात घाल. तुला माहीत नसेल. पहिली बायको गेलेली असली की चांदीच्या छोट्या पत्र्यावर तिची मूर्ती काढतात आणि दुसरीने ती गळ्यात बाळगायची, म्हणजे पहिली त्रास देत नाही. मी म्हटलं, मी बी.एड. झालेली बाई, शाळेत सायन्स शिकवते, मेलेल्या बाईला गळ्यात बांधून विमानात बसू? नाही घातला. आणि आता अडुसष्टाव्या वर्षी हे लोक तेच सांगतायत, फक्त सूट-टाय घालून.

तुला वाटतं मी या धर्मात श्रद्धेने आले. हल्ली आहे थोडी, खोटं कशाला बोलू. पण आले ती श्रद्धेने नाही. हाउन्सलोच्या दारात ती दोन अमेरिकन पोरं आली, मी त्यांना पोहे दिले, आणि ती म्हणाली की मेल्यावर आपली माणसं परत भेटतात. तुझ्या बाबांच्या हातातला चमचा तिथेच थांबला. मला त्याच क्षणी कळलं, यांना कोण भेटायला हवंय ते. सहा महिन्यांत यांनी बाप्तिस्मा घेतला. मग मीही घेतला. हे एकटेच तिकडे पोचले असते आणि ती दारात उभी असती तर? मला कोण आत घेणार होतं? आपल्याकडे म्हण आहे, नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे. माझी सवत आधीच मेलेली, मला ती म्हणसुद्धा कामाची नाही.

आणि तुझी शेवटची ओळ. 'कॅसेटसाठी मी त्याला कधी माफ नाही करणार.'

त्या अकरा कॅसेट तुझ्यासाठी काय होत्या ते मला माहीत आहे. सुचेता पुण्याला आईला पत्र लिहायच्या ऐवजी टेपरेकॉर्डरवर बोलून पाठवायची. मागे तू छोटी बडबडतेस असंही होतं म्हणे त्यात. तुझी आजी गेल्यावर त्या परत आल्या, लॉफ्टमध्ये बिस्किटांच्या डब्यात होत्या. त्या दिवाळीला तू कॉम्प्युटरवर घालून आणते म्हणून मागायला आलीस, आणि हे म्हणाले, 'माझ्याकडून टाकल्या गेल्या, लॉफ्ट साफ करताना.' तू करंजीची बशी तशीच ठेवून निघून गेलीस. मी तुझ्यामागे बस स्टॉपपर्यंत धावत आले, आठवतं? तू माझ्या खांद्यावर रडलीस.

माणसाच्या हातून चूक होते, ऋजुता. यांचं शहात्तरावं चालू आहे. एवढंच म्हणते.

तुझा होकार मी यांना अजून सांगितलेला नाही. शुक्रवारी बैठकीत विचारलंच, 'ऋजुताचं काही आलं?' मी म्हटलं, 'नाही हो.' पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं, आणि कोटावर सिस्टर सबनीसची पाटी. मग हे म्हणाले, 'माझं चांगलं सांगायचं तर तू विचारलंस, हेच चांगलं.' मी उठून भाताला फोडणी दिली, भात साधा करायचा होता तरी.

तू अजून विचार कर. 'नाही' असं लिहून पाठवलंस तर हे आधीचं पत्र आलंच नव्हतं असं समजता येईल.

सुलक्षणामावशी


एडिनबरा
शनिवार, ८ मार्च

ऋजुता,

तू उत्तर पाठवलं नाहीस ते बरंच केलंस. काल शुक्रवार होता. काल मी यांना तुझं पत्र दिलं.

आठवडाभर हा माणूस रोज सकाळी माझ्याआधी पोस्ट बघायला उतरत होता. गुडघेदुखी, दोन मजले, लिफ्ट नाही. रिकाम्या हाताने वर यायचे आणि म्हणायचे, 'पिझ्झावाल्याचा कागद आहे फक्त.' पाच दिवस ऐकलं. काल प्रार्थना झाली, यांनी माझं चांगलं सांगायला तोंड उघडलं आणि मी म्हटलं, थांबा. आज चांगलं नको. पत्र टेबलावर ठेवलं. तारीख बघितली यांनी, मग माझ्याकडे बघितलं. दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. 'हो म्हणाली,' एवढंच म्हणाले. मी दडवलं याबद्दल एक अक्षर नाही.

मला वाटतं, ओरडले असते तर मी तिथेच थांबले असते. ओरडले नाहीत म्हणून पुढचंही बोलले.

ऋजुता, कॅसेट मी टाकल्या.

चुकून नाही. लॉफ्ट साफ करताना डबा हातात आला. वर सुचेताचं अक्षर, 'आईसाठी'. घरात कुणी नव्हतं. जुन्या टेपरेकॉर्डरवर एक लावली. मी तिला कधी पाहिलं नाही, नुसते फोटो. आणि ती बोलायला लागली. किती गोड आवाज गं. हसत होती. म्हणत होती, 'ऋजु आता झोपताना माझा कान धरते, सोडतच नाही.' तू अकरा वर्षांची असताना मी आले. झोपताना मी तुझ्या शेजारी बसायचे तर तू भिंतीकडे तोंड करायचीस. मला कधी कान धरू दिला नाहीस, म्हणजे माझा धरला नाहीस. मी टेप बंद केली. डबा पिशवीत घातला आणि कौन्सिलच्या कचरा केंद्रावर जाऊन स्वतःच्या हाताने त्या मोठ्या कंटेनरमध्ये टाकला. घरी येऊन अंघोळ केली.

हे मी यांना काल सांगितलं. तर हे म्हणाले, 'माहीत आहे. तू पिशवी घेऊन निघालीस तेव्हा मी समोरच्या फुटपाथवर होतो.'

चार वर्षं! आणि याच माणसाला दर शुक्रवारी माझं काही खुपत नव्हतं. मी म्हटलं, मग त्या दिवाळीला स्वतःवर का घेतलंत? कशासाठी? तर म्हणाले, 'तिची एक आई गेली होती. मी म्हटलं, बाप गेला तर चालेल.'

काल रात्री जेवले नाही मी. हे जेवले. भाजी खारट झाली होती तरी दोनदा घेतली.

हे म्हणाले होते, 'तिला लिहू नकोस. तुझ्याशी तरी बोलते, ते राहू दे.' मी यांचं ऐकत नाहीये. आणि सगळंच सांगायचं तर हेही सांगते: या चार वर्षांत तुझं कार्ड आलं, वर एकट्या माझं नाव असलं, की मला बरं वाटायचं. यांना नाही, मला आलं. सुचेताला तर येणारच नव्हतं. असं वाटायचं मला. तू मला यांच्या पुढे ठेवलं होतंस, आणि ते मी चोरीच्या जागेवर बसून खात होते.

तिकडे तिची नि यांची गाठ पडेल त्याची भीती मला आहेच. पण त्याहून मोठी भीती तुझी आहे. एकदा त्यांची दोघांची गाठ बांधली की तू त्यांची. मग मी कोण? मी वेण्या घालणारी. यासाठी मी तुला नाही म्हण म्हणून सांगत होते. सुचेतासाठी वगैरे काही नाही.

माफ कर असं लिहीत नाही. तू कशाच्या जोरावर करशील?

सुलक्षणा


एडिनबरा
ईस्टर मंडे, २१ एप्रिल

ऋजुता,

तू यांना फोन केलास ते मला माहीत आहे. गुरुवारी आला. यांनी स्क्रीनवर नाव पाहिलं आणि 'अगं' एवढंच म्हणून फोन घेऊन बाहेर जिन्यात गेले. चाळीस मिनिटं. मी एकच पातेलं घासत होते. दाराला कान लावला नाही, पण नळ बारीक केला होता. आत आले तेव्हा डोळे लाल आणि चेहरा असा की यांना दहा वर्षं परत दिलीत कुणी. मी विचारलं, 'माझ्याबद्दल काही म्हणाली?' हे म्हणाले, 'नाही.' खोटं बोलता येत नाही मेलं या माणसाला. एकदाच बोलले, तेही माझ्यासाठी.

तेव्हापासून तुझा रोज फोन येतो. येऊ दे. दिया पोहायला शिकली, तुझं ईलिंगचं किचन नवं झालं, सगळं मला यांच्याकडून कळतं, शिळं. माझा वाढदिवस गेला पंधरा तारखेला. खिडकीत ते ख्रिसमसचंच कार्ड आहे अजून. यांना एक कार्ड आलं, ईस्टरचं, पिवळ्या पिल्लाचं. ते त्याच्या शेजारी उभं करून ठेवलंय. मी धूळ पुसते तेव्हा पिल्लू जरा मागे सरकवते. बघ, सांगून टाकलं.

बाकी सुचेताचे सीलिंगच्या आधीचे विधी गेल्या आठवड्यात झाले, प्रेस्टन टेंपलला. बाप्तिस्मा वगैरे. आमच्या वॉर्डातल्या, म्हणजे इथल्या चर्चमधल्या, सारा मॅकेन्झीने केलं सगळं, सुचेताच्या वतीने. सारा म्हणजे इथलीच विधवा, बासष्टची, केस अजून सगळे स्वतःचे, पियानो वाजवते. हे म्हणतात, 'काय हात आहे सिस्टर मॅकेन्झीचा!' मी म्हटलं, असेल.

आता उरलं सीलिंग. तिथे हे स्वतः बसणार आणि समोर सुचेताच्या जागी एक बाई, हातात हात घेऊन. काल चर्च झाल्यावर सारा माझ्याकडे आली. फार गोड बोलते. म्हणाली, 'सुलक्षणा, तुला किती अवघड जाईल हे. मी बसेन तिच्या जागी. तू बाहेर शांत बस.' यांनीच सांगितलं होतं तिला, मला त्रास नको म्हणून.

ऋजुता, माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! म्हणजे ही पियानोवाली माझ्या नवऱ्यासमोर गुडघे टेकणार, त्यांचा हात धरणार, आणि हे डोळे मिटून तिला सुचेता समजणार? आणि मी बाहेर फुलं बघत बसू? मी काय मेले का? कानामागून आली आणि तिखट झाली. मेलेली सवत परवडली, ती निदान माहितीची तरी आहे.

मी साराला म्हटलं, थँक यू, पण सुचेताच्या जागी मी बसणार.

तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. यांचा त्याहून. घरी येताना बसमध्ये यांनी तीनदा विचारलं, 'नक्की?' तिसऱ्यांदा मी म्हटलं, 'अजून एकदा विचाराल तर नाही म्हणेन.'

तारीख दहा मे, शनिवार. तुला हे सांगतीलच. मीही सांगून ठेवते.

सुलक्षणा


एडिनबरा
सोमवार, १२ मे

ऋजुता,

झालं. यांनी तुला फोनवर काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल. यांना आतलं काही दिसलं नसणार. म्हणून लिहितेय.

पहाटे निघालो, हे गाडी चालवत होते. वाटेत एका सर्व्हिस स्टेशनवर गाडी थांबली तरी मी पट्टा सोडला नाही. भीतीने, दुसरं काय. यांनी आल्याच्या वड्यांचं पाकीट आणून दिलं आणि म्हणाले, 'परत फिरू या?' मी म्हटलं, फिरवा बघू, म्हणजे सारा येईल धावत.

आत काय असतं ते फार सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. छोटी खोली, पांढरे कपडे, समोरासमोर आरसे. विधी करणारे एक लँकशरचे म्हातारबाबा, ऐंशीच्या पुढचे. मी गुडघे टेकले. यांनी टेकले, कण्हत. हातात हात घेतला. बाबांनी कार्डावरून नाव वाचलं, सुचीटा का काय म्हणाले. आणि ऋजुता, यांनी वर बघितलं.

चौतीस वर्षं मी या माणसाच्या समोर बसून जेवतेय. मला नीट माहीत आहेत यांच्या सगळ्या नजरा: भाजी आवडली, चष्मा सापडत नाही, तू गप्प का आहेस. ही नव्हती माहीत. पस्तिशीतल्या माणसाची नजर होती ती, कुणाला तरी थंडी वाजतेय म्हणून धावत दुकानात शिरणाऱ्याची. माझ्या तोंडावर होती आणि माझी नव्हती. मी जागच्या जागी जळले. वाटलं, हात सोडवून घ्यावा आणि सांगावं, अहो, इकडे, मी आहे इथे. पण तिला उत्तर देता येत नव्हतं. तिच्याकडे तोंडच नव्हतं, माझंच होतं. मग तिच्या वतीने मी 'येस' म्हटलं. नीट, मोठ्याने म्हटलं, पुटपुटले नाही. तिला हवं असेल तर घेईल, नको असेल तर नाही म्हणेल. पण माझ्याकडून कमी पडलं असं तिला म्हणता येणार नाही.

मग ते म्हातारबाबा जरा गोंधळले. मुलांनाही आईवडिलांना बांधून देतात इथे, त्यामुळे असेल. मी दुसऱ्या कुणाच्या जागी बसलेय हे विसरले आणि थेट मलाच विचारलं, 'मुलं आहेत का, सिस्टर?'

यांनी तोंड उघडलं होतं. मी आधी बोलले. म्हटलं, 'एक मुलगी आहे. ईलिंगला असते.'

'आज आली आहे का?'

'नाही,' मी म्हटलं. 'ती सध्या माझ्याशी बोलत नाही.'

तोंडातून निघून गेलं आणि मग लक्षात आलं. सुचेताशी न बोलायला तुला काय झालंय? ते माझं होतं. तिच्या जागी बसून मी माझी मुलगी सांगितली, आणि माझंच गाऱ्हाणंही सांगितलं. यांच्या हाताला कळलं. तोवर यांचा हात तिच्यासाठी होता. मग घट्ट धरला, आणि यांनी माझ्याकडे बघितलं, ती ओळखीची नजर, तू गप्प का आहेस वाली. म्हातारबाबा म्हणाले, 'येईल गं बाई, पोरं येतात परत.' त्यांना काय माहीत मी काय टाकलंय ते.

परत येताना हे गाडीत रडले आणि मग झोप येते म्हणाले. उरलेला रस्ता गाडी मी चालवली. मोटरवेवर, एकोणसत्तराव्या वर्षी, पाऊस. नवरा शेजारी झोपलेला. कुणाचा म्हणून झोपला होता ते मी विचारलं नाही.

यांना तुला भेटायचंय. फोनवर म्हणणार नाहीत, तू धावपळ करशील म्हणून. तू ये. लंडनहून ट्रेनने साडेचार तास, दियालाही आण. सोमवारी आम्हाला सुट्टी असते, घरीच असतो. तुला मला बघायचं नसेल तर तसं यांना सांग. मिशनवर जोडीदाराला सोडून जायचं नसतं, पण मी जाईन. कोट घालून खाली बागेत जाऊन बसेन, आणि तुम्ही दोघं सुचेताबद्दल काय बोलायचं ते बोला.

दोन तास. त्याहून जास्त माझ्याच्याने होणार नाही.

सुलक्षणा